खेळाला जड विषय पेलतो का?

इंदूरमध्ये सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाचा प्रयोग सुटला की लोक गाडीपर्यंत जाता जाता त्यावर बोलू लागतात. शेवट पटला का, नायिका तशी का वागली, लेखकाला नेमके काय म्हणायचे होते, हे प्रश्न आपोआप निघतात. व्हिडिओ गेमच्या वाट्याला असले प्रश्न येत नाहीत. घरात गेमचा विषय निघाला की बोलणे दोनच वाटांनी जाते. एक वाट डोळे, अभ्यास आणि पैसा यांच्या नासाडीची. दुसरी, आपला खेळ लोकांना थेट दाखवून लाखो रुपये कमावणाऱ्या स्ट्रीमरच्या कौतुकाची. पहिल्या वाटेवर गेम व्यसन ठरतो, दुसरीवर धंदा, आणि ‘या गेमने सांगितले काय’ हे विचारायचे राहूनच जाते. ते विचारायला हवे, कारण गेल्या वीसेक वर्षांत युद्ध, सीमेवरची तपासणी, पोटच्या मुलाचा मृत्यू, मानसिक आजार, मुलींची तस्करी असे विषय घेऊन गेम आले आहेत आणि त्यांतले काही फार चांगले आहेत. माझे म्हणणे असे आहे, की गेमला जड विषय पेलतो आणि तो पेलण्याचे त्याचे खरे साधन म्हणजे नियम. खेळणाऱ्याला काय करता येते, काय करता येत नाही, आणि केले त्याची किंमत काय मोजावी लागते, यात गेमचा आशय असतो. असा नियम वाचू शकणारे चाहते असतील तिथे हे गेम टिकतात. नसतील तिथे निघतात आणि विरून जातात.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. एकनाथांनी फुगडी, पिंगा, हुतूतू हे खेळ भारुडांत आणले आणि त्यांच्या आधाराने परमार्थ सांगितला. मोक्षपट तर सरळ खेळच होता. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला हा कवड्यांचा पट: घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे, शिडी वर नेते, साप खाली आणतो, शेवटच्या घरात मोक्ष. हा खेळ इंग्लंडात गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दुकानांत विकला जाऊ लागला, पुढे घरांची नावे गळून नुसते आकडे उरले, आणि आज तो आपल्या घराघरांत सापशिडी म्हणून आहे. नावे गेली तरी नियम तसाच राहिला, म्हणून अठ्ठ्याण्णवाव्या घरावरून साप खाली घेऊन आला की आजही पोटात धस्स होते. मात्र मोक्षपटाची एक मर्यादा आहे. त्यात कर्माचे फळ आहे, पण खेळणारा कर्म करत नाही. कवड्या पडतील तसा तो जातो. ही उणीव भरून काढणारी गोष्ट आपल्या रंगभूमीवर आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा पहिला प्रयोग १९६७ साली झाला. त्यात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला भरवते आणि त्या खेळाच्या आडून आपल्यातल्याच बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करते. सगळे नियमाने चालते: आरोप, साक्षी, उलटतपासणी, निकाल. त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला मी तर फक्त खेळतोय असे म्हणायची सोय आहे. खेळाच्या नियमांनी माणसाकडून काय करवून घेता येते, हे मराठी प्रेक्षकाने व्हिडिओ गेम येण्याआधीच पाहिले आहे.

आता संगणकाकडे येऊ. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम २०१३ साली आला. साल १९८२, आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक साम्यवादी देश, आणि आपण सीमेवरच्या तपासणी नाक्यावर बसलेला कारकून. समोर खिडकी, टेबलावर नियमांचे पुस्तक, हाताशी दोन शिक्के: हिरवा प्रवेशाचा, लाल नकाराचा. रांगेतून एकेक माणूस येतो, कागद सरकवतो. फोटो जुळतो का, मुदत संपली का, शहराचे नाव बरोबर आहे का, हे पाहायचे आणि शिक्का मारायचा. पगार माणशी मिळतो, त्यामुळे हात जलद चालला पाहिजे. चूक झाली की ताकीद, जास्त चुका झाल्या की दंड. दिवस संपला की पडद्यावर घरखर्चाचा हिशेब येतो: भाडे, अन्न, घर उबदार ठेवण्याचे पैसे, आजारी मुलाचे औषध. पाचव्या दिवसाच्या सुमारास एक नवरा येतो, त्याचे कागद चोख असतात. माझ्यामागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा, असे तो सांगून जातो. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. तिला सोडले तर एक ताकीद आपल्या नावावर जमा. दिवसाच्या पहिल्या दोन ताकिदींना पैसे पडत नाहीत, त्यामुळे दया करणे परवडते. पण त्या ताकिदी आधीच्या घाईगडबडीत खर्चून बसलो असू, तर तीच दया मुलाच्या औषधातून वजा होते. पोप भाषण करत नाही. हुकूमशाही वाईट असते असे कुठेही लिहिलेले नाही. साधा, घाबरट, घरच्या काळजीने पोखरलेला माणूस तिचा हस्तक कसा बनतो, ते आपल्याच बोटांतून कळते. कादंबरीत आपण अशा कारकुनाची कीव करतो किंवा त्याचा राग धरतो. इथे आपण रांग उरकायच्या नादात चेहरे बघायचे कधी सोडले ते आपल्यालाच समजत नाही, आणि समजते तेव्हा फार लाज वाटते.

पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने २०१४ साली काढलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ याच जातीचा. साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये आपण सैनिक नसतो, पडक्या घरात अडकलेले नागरिक असतो. रात्री बाहेर पडून अन्न, औषधे, लाकूड मिळवायचे. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे औषध आहे, खायला आहे, आणि ते प्रतिकार करत नाहीत. लुटणे सोपे असते. पण घरी परतल्यावर ज्याने लुटले तो माणूस खचत जातो, कामाला उठत नाही, आणि उरलेल्यांचे जगणेही त्यामुळे अवघड होते. अपराधभावाला इथे संवाद दिलेला नाही, तो नियम म्हणून घातला आहे. २०२० साली पोलंडच्या पंतप्रधानांनी हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनसाहित्यात घेण्याची घोषणा केली, ती याच ताकदीची कबुली होती.

याला सर्वांत जोरदार आक्षेप घेतला तो अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी. गेम खेळणाऱ्याला निवड देतो, आणि कलेला तर लेखकाच्या हाती सूत्रे लागतात, असे त्यांनी २००५ साली मांडले. २०१० साली गेम ही कला होऊच शकत नाही असा लेख लिहिला. त्यावर वाचकांचा इतका भडिमार झाला की काही महिन्यांनी, न खेळता या विषयावर लिहायला नको होते, एवढे त्यांनी मान्य केले. मूळ मत सोडले नाही. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शोकांतिकेत अटळता लागते, आणि मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत असेल तर मरणाला अर्थ काय उरतो? पण निवड देणारा गेम ती काढूनही घेऊ शकतो, आणि ती काढून घेणे हे त्याचे स्वतःचे, दुसऱ्या कुठल्या कलेजवळ नसलेले अस्त्र आहे. रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याचा मुलगा जोएल २०१४ साली कर्करोगाने गेला. त्याच्या आजारपणावर त्यांनी केलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ २०१६ साली आला. त्यात रुग्णालयाच्या खोलीतली एक रात्र आहे. मूल तहानेने रडते आहे, बाप त्याला शांत करू पाहतो आहे. खेळणारा खोलीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून बघतो, आणि कशानेही रडे थांबत नाही. ज्याला गेममध्ये काहीतरी करायची सवय आहे त्यालाच हे हतबल होणे पुरते भिडते. निंजा थिअरीच्या ‘हेलब्लेड’मध्ये (२०१७) सेनुआ या मनोविकाराशी झुंजणाऱ्या स्त्रीची गोष्ट आहे, केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि तो आजार भोगलेली माणसे यांचा सल्ला घेऊन तो केला. प्रत्येक हारेसरशी तिच्या अंगावरची काळी कीड वर चढते, आणि डोक्यापर्यंत पोचली की आतापर्यंतचा सगळा खेळ पुसला जाईल, असा इशारा गेम सुरुवातीला देतो. तसे कधी घडत नाही. पण ती भीती खेळणाऱ्याच्या मानेवर अखेरपर्यंत बसते, आणि सेनुआ ज्या खोट्या धमक्या ऐकत जगते त्यांतली एक त्यालाही ऐकू आलेली असते. लेखकाची सूत्रे सुटली, असे इथे कोण म्हणेल?

विषय मोठा आणि नियम खुजा असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान शहीद झाले. सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली आणि पाठोपाठ ‘फौजी’ या गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला, तेव्हा त्याची पहिली मोहीम गलवानचीच होती. गलवानचे गांभीर्य कशात होते? सीमेवर गोळी न झाडण्याच्या कराराने हात बांधलेले, हाडे गोठवणारे पाणी, विरळ हवा, आणि अशा स्थितीत काही फुटांवर उभा असलेला शत्रू. ही संयमाची परीक्षा नियमांत उतरवता आली असती. गेममध्ये मात्र शत्रूंच्या झुंडी येत राहतात आणि आपण ठोसे, काठ्या चालवत पुढे सरकतो. तोच साचा गल्लीतल्या गुंडांनाही चालला असता. प्ले स्टोअरवरचे मानांकन भराभर घसरले; त्यात पबजीच्या रुसलेल्या चाहत्यांचा हात होता, पण त्यामुळे गेमचा दुबळेपणा खोटा ठरत नाही. त्याच्या कितीतरी आधी, २००२ साली, भगतसिंगांवर गोळीबाराचा एक गेम निघाला होता. तुरुंगात ग्रंथ वाचणारा, राजकीय कैद्यांच्या हक्कासाठी उपास करणारा, ज्याच्या सोबतच्या जतीन दासांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडले तो भगतसिंग बंदुकीच्या नळीमागे मावणार कसा? गेमनी हुतात्म्यांना हात लावू नये, असे मी म्हणत नाही. हात लावायचा तर उपासाचा नियम शोधला पाहिजे, आणि तो शोधता येण्यासारखा आहे.

भारतात असे शोध झालेच नाहीत असे नाही. कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांनी २०१६ साली फ्लाइंग रोबोट स्टुडिओजच्या सत्यजित चक्रवर्तींबरोबर ‘मिसिंग’ काढला. त्यात खेळणारा चंपा नावाच्या, विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी असतो आणि सुटकेची वाट शोधतो. तो फोनवर चालतो, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. ज्या घरांतल्या मुली पळवल्या जातात तिथे संगणक नसतो, फोन असतो. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओने ‘मुक्ती’साठी मानवी तस्करीचाच विषय घेतला आणि तो एका वस्तुसंग्रहालयात रचला. वापीजवळच्या चला या गावातून काम करणारा स्टुडिओ ओलिओमिंगस वसाहतवाद आणि पुसलेला इतिहास यांवर छोटे, विलक्षण गेम करतो, तेही बहुतेक फुकट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला आणि जगातल्या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग: डोळ्यांना तो मेजवानी आहे. पण खेळणारा त्यात बहुतेक वेळ राक्षस मारतो. मुलगी असण्याबद्दल देव जे बोलतात ते कथेत राहते, हातात येत नाही. पुण्याच्या या गेमचा अभिमान बाळगूनही हे म्हणायलाच हवे. याच्याशेजारी टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा ‘वेण्बा’ (२०२३) ठेवून पाहावा. कॅनडात गेलेल्या तमिळ आईच्या हाती तिच्या आईची फाटलेली, अक्षरे पुसट झालेली पाककृतींची वही आहे. गाळलेल्या पायऱ्या अंदाजाने भरत इडली-पुट्टू करायचे, एवढाच खेळ. मुलगा तमिळ विसरत चालला आहे हे दुःख आणि वहीतली गाळलेली अक्षरे यांचा नियम एकच आहे. त्याला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, आणि परदेशातल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला तो आपलाच वाटेल.

यावर पालक म्हणतील, तुम्ही निवडक चार गेम सांगता, आमच्या पोरांच्या हातात काय आहे ते पाहा. रास्त आहे. २०२१ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छतरपूरमध्ये, फोनवरच्या गेमात घरचे ४० हजार रुपये गेल्यावर तेरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार २०२२ पासून अधिकृतपणे आहे. हे नाकारून गेमची बाजू मांडता येत नाही. पण हे नुकसान कशातून होते तेही पाहिले पाहिजे. थोडे कमी पडणारे डायमंड (गेममधले चलन), आज रात्रीपुरतीच मिळणारी स्किन (पात्राचा पेहराव), आणखी एक डाव हरलो तर मित्रांत मान जाईल ही भीती: हे सगळे कुणीतरी बसून आखलेले नियम आहेत. म्हणजे पोप यांनी कारकुनाची लाज ज्या साधनाने निर्माण केली, त्याच साधनाने मुलाची हाव निर्माण केली जाते. गेम म्हणजे नुसती करमणूक, त्यात अर्थ कसला, असे म्हणणारा माणूस या दुसऱ्या नियमापुढेही आंधळाच राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेम यांना मोकळीक दिली. पैशांच्या खेळांनी उद्ध्वस्त केलेली घरे पाहता ती बंदी मला योग्य वाटते. तरीही त्या कायद्यात गेम म्हणजे पैसा, स्पर्धा किंवा विरंगुळा, एवढेच. काही म्हणू पाहणारी कलाकृती म्हणून त्याला तिथे नाव नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच गेमना पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांच्या बरोबरीचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगची धोरणे आणली, ती गुंतवणूक आणि रोजगाराच्या भाषेत. रोजगार हवाच. पण उद्या कुणी काश्मीरवर, जातीवर किंवा दुष्काळावर गेम केला आणि त्यावर कुणी चिडले, तर त्याच्या मागे कोण उभे राहील हे त्या धोरणांतून कळत नाही.

उभे राहायचे ते चाहत्यांनी, असे उत्तर सुचते, आणि तिथेच दुखरी जागा आहे. २०१४ मध्ये ‘गेमरगेट’ नावाने चाहत्यांची जी छळमोहीम उसळली तीत नैराश्यावर गेम करणाऱ्या झोई क्विनला घर सोडावे लागेपर्यंत धमक्या आल्या. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला. सुडाची किंमत दाखवण्यासाठी त्याने लाडक्या नायकाला मारले आणि मारणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेत खेळणाऱ्याला अर्धा गेम घालवायला लावला. काही तासांत, म्हणजे कुणाचा गेम पुरा होणे अशक्य होते तेव्हाच, गेमचे गुण आणि अभिप्राय एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शून्य गुणांचा पाऊस पडला. त्या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून ३६ तास वापरकर्त्यांचे अभिप्राय रोखण्याचा नियम केला. यावरून चाहते म्हणजे झुंड, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण अपुरे आहे. हेच चाहते युक्रेनवर हल्ला झाला त्या आठवड्यात ‘धिस वॉर ऑफ माइन’ विकत घेत होते, कारण स्टुडिओने सात दिवसांची विक्री युक्रेनच्या रेडक्रॉसला द्यायचे जाहीर केले होते, आणि साडेआठ लाख डॉलरच्या आसपास रक्कम उभी राहिली. झुंडीचा राग आणि ही आस्था यांचे मूळ एकच: खेळणारा पात्राच्या जागी इतका वेळ राहिलेला असतो की ते पात्र त्याला स्वतःच्या मालकीचे वाटू लागते. नाटकवेड्यांतही ही मालकी असते. तिला टीकेची, वादाची, लिहिण्याची सवय लागली की तिची समीक्षा होते, आणि गेमच्या बाबतीत ती सवय लावणाऱ्या जागा आपल्याकडे नाहीत.

आपला चाहतावर्ग वेगळाही आहे. इंदूरमधल्या पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणाला महागडा संगणक किंवा कन्सोल परवडत नाही. साध्या फोनवर चालते म्हणून तिथे फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय. वर ज्यांचे गोडवे गायले ते बहुतेक गेम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, पोचलेच तर इंग्रजीत. त्यामुळे आपल्याकडे जीव जडतो तो गेमवर किंवा तो करणाऱ्यावर नाही, स्ट्रीमरवर. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेटीला बोलावलेल्या गेमरांत छिंदवाडा जिल्ह्यातून आलेली पायल धारे होती, मुंबईचा मिथिलेश पाटणकर होता. छोट्या गावातल्या मुलीने हे मिळवावे याचे मोल मोठे आहे, आणि यांच्या शब्दाला जितके कान आहेत तितके कुठल्या मराठी समीक्षकाला नाहीत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ जरी ‘मिसिंग’सारख्या गेमला दिली, खेळता खेळता इथे मला दुसरा रस्ता का दिला नाही असे मोठ्याने विचारले, तरी त्यांच्या लाखो प्रेक्षकांना नियम वाचायची पहिली सवय लागेल.

दुसरे काम भाषेचे, आणि त्याला स्ट्रीमरही लागत नाही. निन्टेन्डोने ‘मदर ३’ हा गेम २००६ साली फक्त जपानीत काढला. आईचा मृत्यू, मोडत गेलेले कुटुंब, पैशाने विस्कटलेले गाव असा त्याचा विषय. कंपनी इंग्रजी आवृत्ती काढीना, तेव्हा चाहत्यांनी क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक अनुवादकाबरोबर तो अनुवाद २००८ साली फुकट पुरा केला आणि आज इंग्रजी जगात तो गेम ओळखला जातो तो त्या अनुवादामुळे. मराठीत अनुवादाची हौस आणि हात दोन्ही आहेत. इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या शंभरी ओलांडलेल्या संस्थेत कविता आणि कादंबरीवर बोलणारी माणसे आहेत, आणि त्यांच्याच घरांत गेम खेळणारी मुले आहेत. दोघांनी मिळून लहानसा गेम निवडावा. सुरुवातीला ‘पेपर्स, प्लीज’च घ्यावा, असे मी सुचवेन, अर्थात पोप यांची परवानगी मागून. त्यात लांबलचक संवाद नाहीत. खिडकीशी आलेल्या माणसांची तुटक वाक्ये आहेत, नियमपुस्तकातली रुक्ष कलमे आहेत, दंडाच्या चिठ्ठ्या आहेत. ही सरकारी भाषा मराठी माणसाला शिकवावी लागणार नाही. रेशनच्या, तहसिलीच्या, वीज कार्यालयाच्या खिडकीपुढे ती त्याने आयुष्यभर ऐकलेली असते. या गेममध्ये पहिल्यांदाच तो खिडकीच्या पलीकडच्या खुर्चीत बसेल.